न भिजवलेली फलालीन

आमच्या घरात बाळाच्या कपड्याला माझा हात लागलेला चालत नसे. तसं कोणी तोंडाने सांगितलं नव्हतं. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल झालं नाही, तेव्हापासून ते आपोआप ठरत गेलं. जावेची मुलं लहान होती तेव्हा दोरीवरची लंगोटी काढायला मी गॅलरीत गेले की सासू आतून म्हणायची, "रवांदे, ती काढतली." चाळीत कोणाची ओटी भरायची असली की मला चहाच्या पाण्याकडे बसवायचे. मी बसायचे. मला बोलता येत नाही. चार माणसं दिसली की माझ्या घशात काहीतरी अडकतं. म्हणून हे वहीत लिहितेय, आणि तेही आता, इतक्या वर्षांनी.

घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी आमची चाळ. दोन खोल्या आणि वर एक पोटमाळा. त्यात सासू, मोठे दीर, जाऊ, त्यांची दोन मुलं आणि आम्ही दोघं. ज्या वर्षाचं सांगतेय त्या वर्षी चाळीत पहिला रंगीत टीव्ही आला होता, दुसऱ्या मजल्यावर. श्रावणात धाकटी नणंद बाळंतपणाला घरी आली. पहिलटकरीण. तिचं सासर मुलुंडला. तिच्या सासूने पाठवणी करतानाच सांगून ठेवलं होतं, "आमच्यात बाळ घरी येतं ते आजोळच्या गोधडीत. विकतची नको. आणि मुलुंडची थंडी तुम्हाला माहीत नाही, डोंगरावरून येते. ऊबदार पाहिजे."

सासूच्या डोळ्यांत मोतीबिंदू. जावेला सुई धरता येत नव्हती. तिने लावलेलं बटण दुसऱ्या दिवशी डाळीत सापडायचं. नणंदेला वाकता येत नव्हतं. राहिले मी. माझी आई लोकांच्या गोधड्या मजुरीवर शिवायची. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती तिच्यासमोर बसून दोरे ओवायला. दहाव्या वर्षापासून माझा धावदोरा सरळ जातो. घरातल्या सगळ्यांच्या गोधड्या मीच शिवलेल्या. बाळाची तेवढी मी शिवायची नव्हती.

दोन दिवस घरात त्या विषयावर कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी सासूने मला मोरीजवळ गाठलं.

"तू शिव," ती म्हणाली. "पण माळ्यार बसान शिव. खाली घेवन बसा नको. कोणी इचारल्यान तर मोठीन शिवल्यान म्हणान सांगू."

मी हातातलं भांडं विसळत राहिले.

"राग मानू नको गो. माका ठावक आसा तुझ्या मनात काय नाय. देवाकव ठावक आसा. पण मुलुंडची माणसां बोलतली, लेकराच्या अंगार वांझेचो हात कसो लावन दिल्यात म्हणान."

म्हणजे दोष माझ्या हाताला नव्हता. हात चालत होता. दोष माझ्या नावाला होता. सासूला मी एवढंच म्हणाले, "बरं." पण त्या दिवशी पहिल्यांदा मला काहीतरी हवंसं वाटलं. ती गोधडी माझी आहे असं कोणीतरी म्हणावं. कोणीही. एकदाच.

हे नवऱ्याला सांगून पाहिलं. तो विक्रोळीच्या कारखान्यात, पाळीवरून आला होता, पायातले बूट काढत होता. म्हणाला, "नाव कशाला हवंय तुला? गोधडीवर काय नाव लिहितात का?" आणि हसला. त्याला वाटलं आपण समजूत घातली.

मोठे दीर अंधेरीला कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला होते. तिथे परदेशी पाठवायचे शर्ट व्हायचे, जाड फलालीनचे, मोठमोठ्या चौकटींचे. कापून उरलेले तुकडे कामगारांना नेऊ देत. ते पिशवी भरून घेऊन आले. लाल-काळ्या चौकटी, निळ्या-पांढऱ्या चौकटी, एक थोडासा पिवळा. इतकं मऊ कापड मी तोवर हातात घेतलं नव्हतं. एका बाजूने लव उठवलेली. गालाला लावलं तर मांजराला हात लावल्यासारखं वाटायचं. आत भरायला सासूने आपली दोन जुनी लुगडी ट्रंकेतून काढून दिली, धुऊन धुऊन दुधावरच्या सायीसारखी झालेली. बाळाला जुनेराचा स्पर्श हवा म्हणून.

आता जे झालं ते नीट लिहिते.

आमच्या घरात मोठ्या दिराशी मी समोरासमोर बोलायची नाही. ते आले की पदर घ्यायचा, आत जायचं. त्यांचा माझ्यासाठी काही निरोप असला तर तो जावेकरवी यायचा. "तिला सांग, पाणी भर." "तिला सांग, उद्या डबा लवकर." मी पडद्याआड उभी असायची, मला सगळं ऐकू यायचं, तरी जाऊ आत येऊन पुन्हा सांगायची आणि मी पहिल्यांदाच ऐकतेय अशी मान हलवायची. त्या संध्याकाळी पिशवी जावेच्या हातात देताना ते म्हणाले, "तिला सांग, हे कापड आधी भिजवून घे म्हणावं. कढत पाण्यात, दोनदा. हे आटतं. आमच्याकडे शर्ट कापतानाच ते धरून कापतात."

मी पडद्याआड चुलीजवळ होते. एक शब्द सुटला नाही.

जाऊ पिशवी घेऊन आत आली. माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "घे बाई तुझं. माळ्यावर ने लवकर, इथे पसारा नको." बस. पुढे काही नाही. मी थांबले. तिनेही पाहिलं मी थांबलेय ते. मग ती भाजी निवडायला बसली.

ती विसरली असेल असं मी स्वतःला दोन दिवस सांगितलं. ती विसरली नव्हती. माझ्याकडून चूक व्हावी आणि सासूने मला चार शब्द ऐकवावेत, एवढंच तिला हवं असेल. नाव आपलं लागणार आहे हे तिच्या डोक्यात अजून उतरलं नसावं.

आणि मला? मला तर निरोपाची गरजच नव्हती. माझी आई म्हणायची, नवं कापड चोर असतं, पहिल्या पाण्यात आपलं रूप दाखवतं. नवं कापड रात्रभर भिजवल्याशिवाय तिने कधी सुई लावली नाही. मुरलेल्या लुगड्यावर न भिजवलेली फलालीन शिवली की काय होणार, हे मला डोळे मिटून दिसत होतं. वरचं आटणार, आतलं आटणार नाही. टाके ओढले जाणार, आतल्या लुगड्याचे गोळे होणार, सगळी गोधडी वाळलेल्या आंब्याच्या सालीसारखी आकसणार.

तिसऱ्या दिवशी मी पिशवी माळ्यावर नेली आणि कोरडीच कापायला घेतली.

राग असा आला नव्हता. उलट फार शांत वाटलं. मी तुकडे मांडले, निळ्यात लाल, लालात निळा, आणि पिवळा चौकोन मधोमध. तशी गोधडी मी पुन्हा शिवली नाही. माळ्यावर उभं राहता येत नसे, पत्रा डोक्याला टेकायचा आणि दुपारी तव्यासारखा तापायचा. घाम फलालीनवर पडू नये म्हणून मी कपाळाला फडकं बांधायची. खाली कोणी शेजारीण आली की सासू शिडीवर काठीने दोनदा ठोकायची. मग मी हलायचं नाही. माझ्याच घरात, सुई हवेत धरून, तासतास.

संध्याकाळी गोधडी खाली जायची. जाऊ ती मांडीवर पसरून गॅलरीत बसायची, हातात ओवलेली सुई, लोकांना दिसायला.

"काय सुंदर शिवतेयस गं!" समोरची शेजारीण म्हणायची. "आम्हाला माहीतच नव्हतं तुझ्या हातात एवढी कला आहे."

"वेळ कुठे मिळतो," जाऊ म्हणायची. "पोरं, घर, सगळं माझ्याच अंगावर."

"आणि तुझी धाकटी जाऊ काय करते?"

"ती झोपते ना दुपारभर."

दिसायला म्हणून ती खरोखरच दोन-चार टाके घालायची. वेडेवाकडे, बोटभर लांब. दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर ते उसवायची. एकदा खाली आल्यावर तिला म्हणाले, "जाऊबाई, सुई नुसती धरलीत तरी चालेल."

माझ्या तोंडून एवढं निघालं याचंच तिला नवल वाटलं. मग म्हणाली, "का? माझे टाके टोचतात का तुला? निदान माझे टाके बाळाला लाभतील तरी."

त्या वाक्यापर्यंत कदाचित मी मागे फिरले असते. अर्धीच झाली होती. उसवून, भिजवून, पुन्हा मांडता आली असती. पण त्या वाक्यानंतर मी टाके आणखी जवळजवळ घालायला लागले. टाके जितके दाट, तितकी गोधडी जास्त ओढली जाणार. हे मला माहीत होतं, हेही लिहायलाच हवं.

दिवाळीनंतर नणंदेला मुलगी झाली. बारशाला मुलुंडची माणसं आली. विहीणबाई उंच, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी गोधडी उलटीपालटी करून पाहिली, नखाने टाका ओढून पाहिला, गालाला लावली.

"कोणी शिवली?"

"ही. मोठी सून," सासू म्हणाली.

विहीणबाईंनी जावेला समोर बसवून कुंकू लावलं, नारळ आणि खण दिला. "दोन लेकरांच्या आईचा हात आहे, दिसतोच," त्या म्हणाल्या. जाऊ लाजली. मी स्वयंपाकघराच्या दारात पेल्यांचा ट्रे धरून उभी होते. पाळण्याजवळ यायला मला कोणी सांगितलं नाही. नणंदेने एकदा माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं. तीन महिने ती माझ्या पायाखालच्या खोलीत झोपत होती. ती खाली बघून बाळाच्या टोपड्याची नाडी बांधत राहिली.

तिसरा महिना लागला तसं बाळ मुलुंडला गेलं, त्या गोधडीत. जानेवारी होता. पाठवणीला मीही खाली रस्त्यापर्यंत गेले. रिक्षात बसताना बाळाचा एक पाय गोधडीबाहेर आला होता, जावेने तो आत सारला. आणि तेव्हा, तेव्हा पहिल्यांदा, मला त्या पायाचा विचार आला. मी जे करून ठेवलं होतं ते जावेच्या अंगावर पडणार, सासूच्या अंगावर पडणार, एवढाच विचार मी केला होता. ती गोधडी पांघरणार कोण, हा विचारच केला नव्हता.

पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, विहीणबाई आल्या. एकट्या. हातात प्लास्टिकची पिशवी. सगळे घरात होते, मोठे दीर पेपर वाचत होते, नवरा दाढी करत होता. त्यांनी चप्पलही नीट काढली नाही. पिशवीतून गोधडी काढली आणि सासूच्या पुढ्यात टाकली.

"हे काय दिलंत आम्हाला?"

मी दारातून पाहिलं. अंदाजापेक्षा वाईट झालं होतं. एक बाजू वीतभर आत गेलेली, कडा मुरडलेल्या, मधला पिवळा चौकोन फुगून वर आलेला, आत लुगड्याच्या गाठी.

"एकदा भिजवली, तर ही गत! पोर रात्रभर गाठींवर झोपली, पाठीला वळ उठले. चार दिवस खोकतेय. माझी धाकटी जाऊ म्हणते, आजोळचं कापड असं आकसलं तर लेकरू वाढत नाही." त्या माझ्या जावेकडे वळल्या. "काय गं, तुला नारळ-खण दिला होता ना मी?"

जावेने एकदा आपल्या नवऱ्याकडे पाहिलं, एकदा सासूकडे. मग बोट माझ्याकडे केलं.

"ही माझी नाहीच. हिने शिवलीय. मी सुईसुद्धा लावली नाही, देवाशपथ. आईंनी मला नुसती मांडीवर घेऊन बसायला सांगितलं."

गॅलरीत शेजारणी जमल्या होत्याच. जे मला इतके दिवस हवं होतं ते जावेने सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात म्हटलं होतं. हिने शिवलीय.

विहीणबाई मागे सरल्या. "हिने? जिला मूल नाही तिने?" त्यांनी गोधडीकडे पाहिलं, पायाने थोडी लांब सारली. "तरीच. अहो, तरीच पोर खोकतेय. माणसं आहात का कोण आहात? एवढा हात सोडून दुसरा मिळाला नाही तुम्हाला?"

सासू रडायला लागली. "माका वाटला काय होवचा नाय," ती म्हणत होती. "माझीच चूक झाली. हिचो हात लागलो आणि..."

नवरा गालाला साबण तसाच ठेवून म्हणाला, "आई, जाऊ दे आता." कोणाला जाऊ द्यायचं ते त्याने सांगितलं नाही.

माझ्या घशात नेहमीचं ते अडकलं. पण अडकलेलं असतानाच मी बोलले. आवाज फार बारीक आला, म्हणून पुन्हा बोलले.

"हाताने काही झालेलं नाही. फलालीन भिजवली नव्हती."

"काय?" विहीणबाई म्हणाल्या.

"नवी फलालीन आटते. आत जुनं लुगडं, ते आटत नाही. भिजवून शिवली असती तर असं झालं नसतं. कोणीही शिवली असती तरी असंच झालं असतं, दहा लेकरांच्या आईने शिवली असती तरी."

मोठ्या दिरांनी पेपर खाली ठेवला. सात वर्षांत पहिल्यांदा ते सरळ माझ्याशी बोलले. "पण मी निरोप दिला होता. भिजवून घे म्हणून."

"जाऊबाईंनी मला सांगितलं नाही," मी म्हणाले. "पण मी पडद्याआड ऐकलं होतं. आणि न ऐकता पण मला माहीत होतं."

"माहीत असून शिवलीस?"

"हो. नाव यांचं लागणार होतं म्हणून."

आता आठवलं तरी ते वाक्य माझंच आहे हे खरं वाटत नाही. खोलीत जे सुरू झालं ते मी सगळं लिहीत नाही. दीर जावेवर ओरडले, जाऊ सासूवर, सासू माझ्यावर. विहीणबाई मात्र माझ्याकडेच बघत होत्या. मघाशी मी जवळून गेले असते तर त्यांनी पदर आवरला असता. आता त्या तसं बघत नव्हत्या. घासात खडा लागल्यावर ताटाकडे बघावं तसं बघत होत्या.

"मी समजले बिचारी आहे," त्या म्हणाल्या. "ही तर पक्की कपटी निघाली."

"बाळाला खोकला आहे त्याचं मला वाईट वाटतं," मी म्हणाले. "तेवढी माझी चूक आहे."

"तेवढी? तोंड बघ कसं चालतंय!" आणि त्या गेल्या. गोधडी तशीच फरशीवर राहिली.

बाळाचा खोकला आठवड्यात गेला, नणंदेने खालच्या वाण्याच्या दुकानात फोन करून तसं कळवलं. मला निरोप नव्हता. घरात त्यानंतर मला वांझ कोणी म्हटलं नाही, निदान माझ्यासमोर नाही. कपटी म्हणायचे. कपात साखर जास्त पडली तरी जाऊ म्हणायची, "बघा हो, हिने मुद्दाम केलं असेल." त्या घरात ते मला शेवटपर्यंत चिकटलं. मी ते नाकारलं नाही. वांझ हा शब्द लोकांनी मला दिला होता. हा मी स्वतः कमावला होता.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कामं उरकल्यावर मी गोधडी उचलली. माळ्याच्या शिडीपाशी थांबले. मग गॅलरीत गेले, चटई टाकली आणि दारासमोर, उजेडात, पाय पसरून बसले. नवऱ्याचं जुनं ब्लेड घेऊन उसवायला लागले. दाट टाके होते, माझेच. वेळ लागत होता. फलालीन आटून जाड झाली होती, आधीपेक्षा मऊ आणि दुप्पट गरम. आता ती पुन्हा आटणार नव्हती. लुगडं तेवढं कापून बेतलं की झालं.

समोरची शेजारीण कपडे वाळत घालायला आली. माझ्याकडे बघत राहिली.

"ही तीच ना गं? बाळाची?"

"हो."

"खरंच तू शिवलीस?"

"हो. पुन्हा पण मीच शिवणार."

"नेणार का पण ते मुलुंडवाले?"

"नाही नेणार."

"मग कोणासाठी?"

ते मलाच माहीत नव्हतं. आतून सासूची काठी वाजली, दोनदा, शिडीवर वाजायची तशीच.

"आत जावन बस गो. लोक बघतत."

"बघू देत," मी म्हणाले, आणि पुढचा टाका कापला.